कोरडा जोड

नऊ व्होल्टची बॅटरी जिभेला लावल्याशिवाय
माझा पहिला तास सुरू होत नाही.
मागच्या बाकावरचा तौफिक शिकलगार म्हणतो,
सर, कच्च्या चिंचेगत लागतंय की वो.
मी फळ्यावर लिहितो: विभवांतर.

उद्यमनगरात माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं.
पडदे चपटे झाले
आणि माणसं बिघडलेलं दुरुस्त करायचं विसरली.
आता आठवड्यातून तीन दिवस
के.एम.टी.नं हुपरीला येतो,
पिशवीत रोधक, धारित्र, मूठभर एलईडी
आणि सहा सोल्डरिंग आयर्न,
ज्यांतले चार तापतात.

रोधकावरचे पट्टे पोरं लवकर शिकली.
तपकिरी, काळा, लाल: एक हजार.
पुस्तकात तक्ता आहे, विजेचे सुवाहक.
सगळ्यात वर चांदी.
वर्ग आधी गप्प बसला, मग हसला.
इथं ती घरोघर येते,
तार होऊन, पत्रा होऊन, वजन करून येते
आणि वजन करूनच परत जाते.
वर्गातल्या एकाही पोरीच्या पायात पैंजण नव्हतं.
शाळेचा नियम असेल, असं मी धरून चाललो.

त्या दिवशी टाका कसा घ्यावा ते दाखवत होतो.
दाखवताना माझाच जोड कोरडा निघाला,
मळकट, दाणेदार,
वरून धरलेला, आतून सुटलेला.
एलईडी पेटेना.
तिसऱ्या बाकावरून पद्मजा वाईंगडे म्हणाली,
उठून नाही, बसूनच,
सर, तुम्ही डाख तापवायलाय.
जोड तापवायचा असतोय.
डाख आपसूक धावतोय, धग असंल तिकडं.

ये, दाखव, म्हणालो,
तेवढ्यात लाईट गेली.
आयर्न एकेक करून गार पडले.
ती उठली आणि मागच्या गल्लीत पळाली.
परत आली ती फुंकणी घेऊन.
पितळेची. तोंडाशी झिजून
ओठाच्या मापाची खोबण पडलेली,
पण तो ओठ तिचा नव्हता.
रसायनाच्या कपाटातला स्पिरिटचा दिवा लावला,
गाल फुगवले.
ज्योत आडवी झाली, सुईगत निळी झाली.
गालातली हवा संपू न देता
ती नाकानं श्वास घेत होती.
हे माझ्या डिप्लोमात कुठंच नव्हतं.
कथिल एकदम पाणी झालं,
तारेभोवती फिरलं आणि चकाकून बसलं.

एलईडी पेटला. लाल, मसुराएवढा.
वर्ग उजळला असं म्हणणार नाही,
दुपारचे बारा वाजले होते.
मल्टिमीटर लावला: पीं.
तौफिक म्हणाला, आता माझा, सर.

कधीपासनं करतेस?
पाचवीपासनं. मी घुंगरं लावतो, आई कड्या लावती.
शेकड्याला काय मिळतं, ते विचारलं नाही.
विचारायला हवं होतं,
हे बस मुडशिंगीच्या फाट्यावर थांबली तेव्हा आठवलं.

तिच्या जर्नलात साहित्याखाली छापलंय:
सोल्डरिंग आयर्न, पंचवीस वॅट.
त्यावर पट्टीनं सरळ रेघ मारून
तिनं लिहिलंय: फुंकणी, आईची.
खाडाखोडीला अर्धा गुण कापतात.
मी तारीख घालून सही केली.
ओहमच्या नियमात ती अजून चुकते,
भागायचं कशाला कशानं, तिथंच अडकते.
ते काय, पुढच्या बुधवारी बघू.

पण त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं.
लाईट आली, पंखा फिरला, दिवा विझला,
आणि दारात तिचा धाकटा भाऊ,
चड्डीला एक हात, दुसरा पुढं केलेला.
आई म्हणत्या, फुंकणी द्या आधी.
तीनला माल न्यायला येणार हाईत.
अजून सहा जोड रांगेत होते.
पद्मजानं ती ओढणीला पुसली आणि दिली.
गरमच होती.
या हातातून त्या हातात करत
तो पोरगा गल्लीच्या टोकापर्यंत पळताना दिसला.